वाचकांचे प्रश्न : ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणाले आणि दुखणं वाढलं

मागच्या अंकात एका उत्तरात मी लिहिलं होतं, की औषध नसलेल्या गोळीनेही काही जणांचं दुखणं खरोखर कमी होतं आणि नुसत्या धास्तीने ते खरोखर वाढतं. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आली की हे पान या महिन्यात त्यांनाच दिलंय. पत्रं थोडक्यात छापते आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी भूलतज्ज्ञ. उमेदीची सगळी वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, आता कोल्हापुरात जुनाट दुखण्यांची ओपीडी चालवते.

प्रश्न : मॅडम, स. न. वि. वि. मी करवीर तालुक्यातली, वय ४६. घरी दोन म्हशी, थोडा ऊस. पावसाळ्यात वैरणीचा भारा उचलताना कंबरेत उसण भरली. शेकून, गोळ्या खाऊन बरीच उतरली होती. पण मुलाने हट्टाने एमआरआय काढायला लावला. रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’, ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ असं आलं. तो बघून मला सांगितलं, ‘मणक्यात गॅप आलाय, आता वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, नाहीतर पाय जातील.’ त्या दिवसापासून दुखणं दुप्पट झालंय. खाली बसून भाकरी थापता येत नाही. रात्री कूस वळताना जीव जातो. मालक म्हणतात, सगळं तुझ्या मनाचं आहे. माझं दुखणं खोटं आहे का?

उत्तर : ताई, तुमचं दुखणं खरं आहे. ते वाढलंय, हेही खरं आहे. आणि त्या दिवशी तुमच्या मणक्यात नवा बिघाड काही झाला नसणार, हेही जवळजवळ नक्की. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते जरा सविस्तर सांगते.

आधी रिपोर्ट. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० माणसांच्या मणक्यांचे स्कॅन वेगवेगळ्या ३३ अभ्यासांतून गोळा करून २०१५ साली एकत्र मांडले गेले. चाळीस वर्षांच्या निम्म्या माणसांत दोन मणक्यांमधली गादी फुगलेली, म्हणजे ‘डिस्क बल्ज’, दिसली, पन्नाशीत ६० टक्के माणसांत. ‘डीजनरेटिव्ह’ म्हणतात ते बदल चाळिशीत ६८ टक्के आणि पन्नाशीत ८० टक्के. यांतल्या कुणालाही त्रास नव्हता. म्हणजे तुमच्या गावच्या बाजारात तुमच्या वयाच्या दहा ठणठणीत बायकांचा एमआरआय काढला, तर पाच-सहा जणींच्या कागदावर तुमच्याच रिपोर्टातले शब्द छापून येतील. मणक्यात कुठे फट पडलेली नाही. दोन मणक्यांमधली गादी वयाबरोबर थोडी सुकते, कडेने थोडी फुगते. गेल्या साली भारा डोक्यावर घेऊन बांधावरून चालत होता, तेव्हाही ती बहुधा अशीच होती.

म्हणून एमआरआय कधी काढूच नये असं नाही. पायातली ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बैठकीच्या जागी बधिर होणं, कंबरदुखीबरोबर ताप येणं, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असणं, यांतलं काही असेल तर एक दिवसही थांबू नका. तुमच्या पत्रात यांतलं काही नाही. तरी पायांची ताकद आणि बधिरपणा डॉक्टरांकडून हाताने एकदा तपासून घ्याच.

आता भीतीने दुखणं वाढतं कसं ते. कंबरेकडून निघालेला निरोप मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे जातो, तसे मेंदूचेही हुकूम वरून खाली सतत येत असतात. तुमच्या घरी ऊस आहे म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. पाटातून पाणी येतं, पण कुठल्या सरीत किती सोडायचं ते खोरं घेऊन दारं धरणारा ठरवतो. मज्जारज्जूत असा एक दारं धरणारा बसलेला असतो. जिवाला धोका नाही अशी मेंदूची खात्री असली की तो दार लावून घेतो. धोका आहे असं वाटलं की दार मोडून सगळं आत सोडतो. मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ साली या दाराचा सिद्धांत मांडला, तेव्हा तो पुष्कळसा तर्क होता. २००९ साली हॅम्बुर्गमध्ये ते प्रत्यक्ष दिसलं. माणसांच्या हाताला दोन ठिकाणी मलम लावून तिथे चटका दिला. दोन्ही मलमं साधीच, पण एक वेदनाशामक आहे असं त्यांना सांगितलं होतं. त्या जागी चटका कमी जाणवला, आणि स्कॅनमध्ये मज्जारज्जूतली हालचालही तेवढी मंदावलेली दिसली. बरं वाटणं नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, निरोप वाटेतच अडवला गेला होता.

त्याच्याही आधी, १९७८ साली, सॅन फ्रान्सिस्कोत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर एक प्रयोग केला होता. औषध नसलेल्या इंजेक्शनने ज्यांना आराम पडला होता, त्यांना नालॉक्सोन दिलं. नालॉक्सोन म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचा उतारा. आम्ही तो थिएटरच्या ट्रॉलीत कायम ठेवतो. तो दिल्यावर दुखणं वाढलं. म्हणजे नुसत्या भरवशावर शरीराने स्वतःचंच अफूसारखं रसायन सोडलं होतं, आणि उताऱ्याने ते अडवलं. उलट्या बाजूचं काम इटलीत तुरिनला फॅब्रिझिओ बेनेडेट्टी यांनी १९९७ साली दाखवलं. ऑपरेशन झालेल्या पेशंटना साधं इंजेक्शन देऊन ‘याने थोडं दुखेल’ असं सांगितलं की दुखणं वाढायचं. पण कोलेसिस्टोकायनिन नावाच्या रसायनाला अडवणारं औषध बरोबर दिलं तर वाढायचं नाही. धास्तीने हे रसायन जागं होतं आणि वेदनेला जोर देतं.

हे तुमच्या मालकांना वाचून दाखवा. ‘मनाचं आहे’ म्हणून ते ज्याला झटकताहेत ते रक्तामांसातच घडतंय. त्यांच्या बोलण्याचाही त्यात वाटा आहे. ‘तुला काही झालेलं नाही’ याने माणूस एकटा पडतो. ‘दुखतंय ते खरं, पण पाठ मोडलेली नाही, चल माझ्याबरोबर मळ्यापर्यंत’ असं म्हणून बघा म्हणावं.

बोलण्याने काय होतं ते मी माझ्या टेबलावर रोज पाहिलंय. सिझेरियनसाठी बाई बसलेली असते, मांडीवर उशी, हनुवटी छातीला टेकवलेली, पाठ गोल काढलेली. एसीच्या गारव्याने अंगावर काटा, आणि सगळं लक्ष पाठीमागे, मी काय करते आहे तिकडे. जागा बधिर करायची बारीक सुई टोचण्याआधी थिएटरात सर्रास म्हणतात, ‘आता टोचणार हं, दुखेल, हलायचं नाही.’ त्याबरोबर खांदे कानापर्यंत चढतात, पाठीचे स्नायू दगड होतात. २०१० साली अमेरिकेत याच क्षणाचा अभ्यास झाला. प्रसूतीसाठी आलेल्या १४० बायका. निम्म्यांना सांगितलं, ‘मोठी मधमाशी डसल्यासारखं होईल, यातलं सगळ्यात वाईट तेवढंच.’ निम्म्यांना सांगितलं, ‘जागा बधिर करायचं औषध देतो आहोत, मग तुम्हाला सुखाने बसता येईल.’ सुई तीच, औषध तेच. दहापैकी किती दुखलं विचारलं तर पहिल्या गटाचा मधला आकडा ५, दुसऱ्याचा ३. मी म्हणते, ‘ही जागा आता बधिर करते, म्हणजे पुढचं सोपं जाईल, श्वास सोडा.’ यात खोटं एक अक्षर नाही, आणि हाताखाली पाठ सैल होताना स्पष्ट कळते.

तुम्हाला ‘पाय जातील’ असं ज्यांनी सांगितलं त्यांना तुमची काळजीच असेल. पण त्या वाक्याने दिवसभर तुमच्या पाठीवर पहारा बसवला. दर वेळी वाकताना तुम्ही श्वास धरता, स्नायू आवळता, आवळलेले स्नायू दुखतात, आणि दुखलं की वाटतं, गेला मणका. हा फेरा मोडायला हळूहळू पूर्ववत हालचाल हाच उपाय आहे. आधी पाटावर बसून दोनच भाकऱ्या थापा. जमलं की चार. वैरण आणा, पण पेंढी-पेंढीने, भाऱ्याची घाई नको. सकाळी मळ्यापर्यंत चालत जाऊन या. थोडं दुखेल, आणि त्या दुखण्याचा अर्थ इजा झाली असा होत नाही. ते दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत उतरत असेल तर पुढे चला, चढत असेल तर एक पायरी मागे या. जवळ फिजिओथेरपिस्ट असतील तर सुरुवातीला त्यांच्या नजरेखाली करा. आणि रिपोर्टची ती पिशवी खुंटीवरून काढून कपाटात ठेवून द्या, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना वाचायला देऊ नका.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त, राहणार कागल. दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झाली. रात्री कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती, काही त्रास नव्हता. मग व्हॉट्सॲपवर आलं की या गोळीने स्नायू विरघळतात. चार दिवसांत पोटऱ्या ठणकायला लागल्या. मी गोळी बंद केली, पोटऱ्या राहिल्या. म्हणजे गोळीच दोषी ना? की डॉक्टरांनी हे लपवून ठेवलं?

उत्तर : काका, आधी एक विनवणी. हे वाचून झालं की तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने ही गोळी आपल्या मनाने बंद ठेवणं हे पोटऱ्यांच्या ठणक्यापेक्षा फार महाग पडू शकतं.

तुमच्यासारख्याच माणसांचा एक सुरेख प्रयोग लंडनच्या इंपिरियल कॉलेजने केला, २०२० साली तो प्रसिद्ध झाला. त्रासामुळे ही गोळी सोडलेली ६० माणसं घेतली आणि प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत खरी गोळी, चारांत हुबेहूब दिसणारी बिनऔषधाची, चार रिकाम्या. कुठल्या भरलेल्या बाटलीत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. रोज रात्री त्रास शंभरापैकी किती, तो आकडा मोबाइलवर नोंदवायचा. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ आली. खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. आणि बिनऔषधाच्या गोळीच्या महिन्यांत १५.४! म्हणजे त्रासाचा सुमारे नव्वद टक्के भाग गोळी घेतल्याच्या जाणिवेतून येत होता. गोळी घेतली की दुखायचं आणि सोडली की राहायचं, हे अगदी खरं. पण ती गोळी बिनऔषधाची असली तरी तसंच व्हायचं. मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो. प्रत्येकाला त्याचे स्वतःचे आकडे दाखवले, आणि निम्म्या माणसांनी गोळी पुन्हा सुरू केली. कुणाला खोटं ठरवलं नाही, हिणवलं नाही, आकडे समोर ठेवले.

डॉक्टरांनी लपवलं का? या गोळ्यांनी स्नायूंना खराखुरा त्रासही होतो, पण क्वचित. मांड्या-दंडांत जोर न राहणं, जिना चढता न येणं, लघवी चहासारखी गडद होणं असं दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्तात सीपीके नावाची तपासणी करून ते कळतं. एरवी डोस कमी करता येतो, दुसरी गोळी देता येते. हे तुम्हाला सुरुवातीलाच नीट बसवून सांगायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. जी गोष्ट डॉक्टर शांतपणे सांगत नाहीत, ती मग रात्री अकराला मोबाइलवर येऊन धडकते.

प्रश्न : मॅडम, मी भुदरगड तालुक्यात नुकताच दवाखाना थाटला आहे. कणकण, अंगदुखीचा पेशंट येतो. गोळ्या लिहून दिल्या तरी उठत नाही. ‘सुई न्हाई करणार व्हय?’ म्हणतो. तांबडं इंजेक्शन केलं किंवा सलाईन लावलं की हसत जातो. आजूबाजूला सगळे देतात, मी नाही दिलं तर पेशंट तिकडे जातो. प्लासिबो, म्हणजे बिनऔषधाचा उपचार, म्हणून दिलं तर काय बिघडलं? नाहीतरी बरंच वाटतंय ना त्याला?

उत्तर : डॉक्टर, तुमची कोंडी मला पूर्ण समजते. दवाखान्याचं भाडं थकतं तेव्हा तत्त्वं जड जातात. तरीही माझं उत्तर ‘देऊ नका’ असंच आहे.

ते तांबडं इंजेक्शन बी-ट्वेल्व्हचं. ज्याला त्याची कमतरता आहे त्याला जरूर द्या. सलाईनची ५०० मिलिलिटरची बाटली म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ घातलेलं पाणी. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाला ते जीवदान आहे. पण हृदय कमजोर असलेल्या, किडनी थकलेल्या म्हाताऱ्याला तेच थकवा घालवायला म्हणून लावलं तर रात्री धाप लागू शकते. टोचलं तिथे गळू होऊ शकतं, आणि सुई स्वच्छ नसेल तर कावीळही पसरते. स्टिरॉइडचं इंजेक्शन ठोकून ‘हातगुण’ मिळवणारे किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण यापेक्षाही मला खुपतं ते वेगळं. खोटी सुई देऊन तुम्ही त्या शेतकऱ्याला शिकवता की टोचल्याशिवाय त्याचं अंग बरं होणारच नाही. पुढच्या साध्या सर्दीला तो मजुरी बुडवून, गाडीखर्च करून परत येणार. आणि उद्या कधी त्याला सुई न करता खरं काही सांगायची वेळ आली, तर तुमच्या शब्दाला वजन उरलेलं नसेल.

प्लासिबोच्या अभ्यासातून आपण घ्यायचं ते फसवणूक सोडून बाकीचं. आणि ते बाकीचं भरपूर आहे. तुरिनमध्येच ऑपरेशननंतर पेशंटना वेदनाशामक दोन तऱ्हांनी दिलं गेलं. काहींना डॉक्टरने खाटेशी येऊन, सांगून. काहींना न कळवता यंत्राने. न कळत दिलेल्यांना तेवढ्याच आरामासाठी जास्त औषध लागलं. आता विचार करा, पॅरासिटामॉलची गोळी मान वर न करता कागदावर खरडून दिली तर तिचा केवढा भाग आपण वाया घालवतो. हार्वर्डचे टेड कॅपचक यांच्या गटाने २००८ साली पोटाच्या जुन्या तक्रारींचे, आयबीएसचे, २६२ पेशंट घेतले. काहींना नुसतं यादीत थांबवलं, काहींना खोटं अॅक्युपंक्चर (सुया टोचल्याचा नुसता देखावा) केलं पण बोलणं जुजबी ठेवलं, आणि काहींना तेच खोटं अॅक्युपंक्चर, पण जोडीला निवांत विचारपूस, आस्था, भरवसा. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असं म्हणणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात फरक होता तो फक्त माणसाच्या वागण्याचा.

‘पण फसवल्याशिवाय चालणारच नाही’ असं कुणी म्हटलं तर त्याच गटाचा २०१० सालचा अभ्यास आहे. ८० पेशंट. अर्ध्यांना बाटली देऊन उघड सांगितलं की या गोळ्यांत औषध नाही, पण अशा गोळ्यांनी शरीराची स्वतःची यंत्रणा कामाला लागते असं दिसलंय, दिवसातून दोनदा घ्या. तीन आठवड्यांत त्यांतल्या ५९ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, गोळी न दिलेल्यांत ३५ टक्क्यांना. २०१६ मध्ये लिस्बनला जुनाट कंबरदुखीत असंच दिसलं. हे अभ्यास छोटे आणि थोड्या आठवड्यांचे आहेत, त्यावर उद्यापासून साखरेच्या गोळ्या वाटा असं मी म्हणत नाही. पण विश्वास जिंकायला खोटं बोलावं लागतं हा समज त्यांनी मोडला आहे.

तेव्हा करून बघा. पेशंटला खुर्ची जवळ घ्यायला सांगा. नाडी धरा, छाती ऐका, जीभ बघा, आणि बघताना मोठ्याने सांगा, ‘छाती साफ आहे, घसा थोडा लाल आहे.’ मग पुढचे दिवस सांगा: ‘आज रात्री कणकण राहील, या गोळीने तासाभरात अंग हलकं होईल, परवापर्यंत ताप उतरेल. तीन दिवसांनीही ताप राहिला किंवा दम लागला तर लगेच या, सकाळची वाट बघू नका.’ तुम्ही सांगितलं तसं घडलं की तो बायकोलाही घेऊन येईल. सुई मागितलीच तर रागावू नका. ‘तुम्हाला सुईची गरज असती तर मीच केली असती’ हे वाक्य शांतपणे, डोळ्यांत बघून म्हणा. सुरुवातीला काही पेशंट जातील. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

प्रश्न : जनऔषधीच्या दुकानातली स्वस्त गोळी वडिलांना लागूच पडत नाही. डोकं दुखायला लागलं की ‘माझी नेहमीची महागातली आणा’ म्हणतात, आणि ती घेतली की थांबतं. औषध तर एकच आहे असं दुकानदार म्हणतो. खरं काय?

उत्तर : दुकानदार खरं सांगतोय, आणि वडिलांनाही खरंच जास्त बरं वाटत असणार. २००८ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात मनगटाला विजेचे बारीक झटके देऊन सगळ्यांना एकच बिनऔषधाची गोळी दिली. अडीच डॉलरची आहे असं ज्यांना सांगितलं त्यांतल्या ८५ टक्क्यांचं दुखणं कमी झालं. किंमत उतरवून दहा सेंट केली आहे असं ज्यांना सांगितलं त्यांच्यात ६१ टक्के. किमतीचाही गुण येतो. वडिलांशी वाद घालू नका. दोन्ही पाकिटं त्यांच्या हातात द्या, चष्मा लावून औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम त्यांनाच वाचू द्या, आणि पुढच्या वेळी स्वस्तातली गोळी त्यांना स्वतःलाच आणू द्या. एक मात्र पाळा. थायरॉइड आणि फिट्सच्या गोळ्यांची कंपनी बदलताना डॉक्टरांना विचारून बदला.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून दमा. गुऱ्हाळावर कामाला असतो, हंगामात धुराने त्रास वाढतो. कुणाकडून तरी आणलेली पुडी घ्यायला लागल्यापासून ‘छाती मोकळी वाटते’ म्हणतो आणि त्याने पंप सोडून दिलाय. तुम्ही मागच्या अंकात लिहिलेलं कात्रण आता आम्हालाच वाचून दाखवतो. काय सांगू त्याला?

उत्तर : ताई, हे पत्र सगळ्यांत शेवटी छापलं, पण उत्तर तुम्हाला आधीच टपालाने पाठवलं आहे, कारण यात दिवस घालवण्यासारखे नाहीत.

दुखणं, मळमळ, थकवा, खाज अशा जाणवणाऱ्या त्रासांवर मेंदूचा हात चालतो. आवळलेली श्वासनळी, वाढलेली साखर, फुटलेलं अपेंडिक्स, गाठ यांच्यावर तो भरवसा टाकून चालत नाही. २०११ साली दम्याच्याच पेशंटवर हे अगदी स्वच्छ दिसलं. खऱ्या औषधाचा पंप, बिनऔषधाचा पंप, खोटं अॅक्युपंक्चर, आणि काहीच नाही, असं आळीपाळीने दिलं. ‘किती बरं वाटलं’ या प्रश्नाला पहिल्या तिघांचं उत्तर जवळजवळ सारखं होतं, ५०, ४५ आणि ४६ टक्के. काहीच न देता २१ टक्के. पण फुंकर मोजणाऱ्या यंत्रावर खऱ्या पंपाने श्वास २० टक्क्यांनी सुधारला, आणि बाकी तिन्हींत सुमारे ७ टक्क्यांनीच. म्हणजे छाती मोकळी वाटत होती, नळ्या बंदच होत्या. दम्यात माणूस दगावतो तो असाच, बरं वाटतंय म्हणत घरी थांबल्याने. त्या पुडीत काय आहे तेही कुणाला ठाऊक नाही. अशा बिनलेबलच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. तसं असेल तर ती एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून पुडी घेऊनच छातीच्या डॉक्टरांकडे जा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेलंत तरी चालेल.

त्याच्याशी भांडू नका. औषधाच्या दुकानात पीक फ्लो मीटर मिळतो, फुंकलं की काटा आकड्यावर थांबतो. डॉक्टरांकडून पंप पुन्हा सुरू करून घ्या आणि त्याचा चांगल्या दिवसाचा आकडा वहीत लिहा. मग सकाळ-संध्याकाळ, आणि गुऱ्हाळावरून आल्यावर लगेच, त्याला फुंकायला लावा. छाती मोकळी वाटते म्हणाला की तेव्हाही फुंकायला लावा. वाटणं आणि आकडा दोन्ही शेजारी शेजारी त्याच्याच अक्षरात लिहिलेले असू देत. चुलवणाजवळ उभं राहायचं काम हंगामापुरतं दुसऱ्या कुणाला देता येईल का ते मालकाशी बोला. आणि एका दमात वाक्य पुरं करता येईनासं झालं, ओठ निळे दिसले किंवा धाप लागल्यावरच्या पंपाने उतार पडला नाही, तर वहीबिही बाजूला ठेवून १०८ ला फोन करा.